विशिष्ट सेवा म्हणजे काय? वडगावच्या जनरल थोरातांची दोन पदकं आणि एक न ऐकलेला इशारा

२६ जानेवारी जवळ आली की दिल्लीहून लष्करी पदकांची यादी जाहीर होते. परमवीर, महावीर, वीर, अशोक, कीर्ती, शौर्य ही नावं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. त्याच यादीत परम विशिष्ट सेवा पदक, अति विशिष्ट सेवा पदक आणि विशिष्ट सेवा पदक अशीही नावं असतात. गावाकडं या दोन प्रकारांत फारसा फरक केला जात नाही. फौजेतल्या माणसाच्या छातीवर पदक आलं की ते शौर्याचंच, असं धरून चालतात आणि वेशीवर अभिनंदनाचा फलक लागतो.

फरक मात्र आहे. शौर्यपदक हे एखाद्या प्रसंगाचं असतं. त्या दिवशी, त्या घटकेला माणसानं जिवाची पर्वा न करता काय केलं, ते बघून दिलं जातं. विशिष्ट सेवेचं पदक वर्षानुवर्षांच्या कामाचं असतं. पलटण कशी घडवली, माणसं कशी सांभाळली, दप्तर आणि नकाशा कसा हाताळला, पुढचं संकट आधी ओळखलं का, हे सगळं त्यात येतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एक म्हणजे पुरात उडी मारून वाहून जाणारा बैल वर काढणं, आणि दुसरं म्हणजे पूर येण्याआधी बांध घालून ठेवणं. पहिलं सगळा गाव बघतो. दुसरं फारसं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजे एस. पी. पी. थोरात, यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी होत्या. लढाई गाजवली म्हणून त्यांना एक सन्मान मिळाला. लढाई टाळून काम फत्ते केलं म्हणून दुसरा मिळाला. आणि देशाच्या सर्वांत जास्त उपयोगी पडलं असतं असं जे काम त्यांनी केलं, ते फायलीत पडून राहिलं. सैनिक टाकळीसारखी फौजी गावं असलेल्या या जिल्ह्यात थोरातांचं नाव जुन्या माजी सैनिकांना माहीत आहे. नव्या पोरांना ते सांगायला हवं.

वडगाव ते सँडहर्स्ट

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा. घराणं पाटलांचं, मूळ आडनाव थोरात. म्हणून नावात पाटील पण आहे आणि थोरात पण आहे. वडील डॉ. पांडुरंगराव पाटील हे शेतकी शास्त्र शिकलेले. घरात शिक्षणाला मान होता. शंकररावांचं पुढचं शिक्षण पुण्याला झालं आणि तिथून ते थेट विलायतेला, सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात गेले.

ही गोष्ट त्या काळात किती अवघड होती ते समजून घ्यायला पाहिजे. इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणसं लाखांनी होती, पण ती शिपाई, नाईक, हवालदार म्हणून. फार चढला तर माणूस जमादार किंवा सुभेदार व्हायचा. आयुष्यभर नोकरी केलेल्या पांढऱ्या मिशांच्या सुभेदारानं विलायतेहून कालपरवा आलेल्या गोऱ्या पोरसवदा लेफ्टनंटाला सलाम ठोकायचा, अशी रीत होती. पहिल्या महायुद्धात हिंदी जवानांनी रक्त सांडल्यावर सँडहर्स्टचं दार थोडं किलकिलं झालं. वर्षाला जेमतेम दहा जागा हिंदी पोरांसाठी ठेवल्या गेल्या. सगळ्या देशातून दहा. त्यात संस्थानिकांची, मोठ्या सरदारांची आणि सरकारदरबारी वजन असलेल्यांची पोरं पुढं असायची. अशा वेळी वडगावचा हा मुलगा त्या दहांत बसला आणि १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडला.

परत आल्यावर नेमणूक झाली ती १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत. इथंही इंग्रजांची एक मेख होती. हिंदी अधिकाऱ्यांना सगळ्या फौजेत मिसळू द्यायचं नाही, म्हणून त्यांनी आठ पलटणी वेगळ्या काढल्या होत्या. हिंदी अधिकारी तेवढ्याच आठांत जाणार. गोऱ्या अधिकाऱ्यानं हिंदी वरिष्ठाचा हुकूम ऐकायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हिशोब. थोरातांची पलटण त्या आठांतलीच एक.

म्हणजे सुरुवातीपासून या पिढीच्या अधिकाऱ्यांवर दुहेरी ओझं होतं. स्वतःचं काम नीट करायचंच, शिवाय हिंदी माणूस पलटण चालवू शकतो हेही सिद्ध करायचं. चूक झाली तर ती एका अधिकाऱ्याची मोजली जायची नाही, सगळ्या देशाच्या खात्यावर पडायची.

कांगॉची टेकडी

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी माणूस लढाईत कंपनी नेईल, पण सबंध पलटण त्याच्या हाती द्यावी का, अशी शंका गोऱ्या वरिष्ठांत होती. पलटण म्हणजे आठशेच्या आसपास माणसं. त्यांचं जगणं-मरणं एका माणसाच्या निर्णयावर.

१९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात याचा फैसला लागला. बंगालच्या उपसागराला लागून असलेल्या आराकान किनाऱ्यावरून जपानी फौज माघार घेत होती. तिचा रस्ता कांगॉ नावाच्या गावाजवळ तोडायचा, असा बेत ठरला. २५ व्या हिंदी डिव्हिजनमधली ५१ वी ब्रिगेड या कामावर होती. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते, हे तिचं वेगळेपण. हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीवर के. एस. थिमय्या, बलुच रेजिमेंटच्या पलटणीवर एल. पी. सेन आणि दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीवर थोरात.

कांगॉची जागा लढाईला फार वाईट. सगळीकडं खाड्या आणि खारफुटी. भरतीला पाणी चढायचं, ओहोटीला गुडघाभर चिखल उरायचा. दारूगोळा, खाणं, प्यायचं पाणी सगळं होडक्यांनी आणायचं आणि मग डोक्या-खांद्यावरून पुढं न्यायचं. जखमींना त्याच वाटेनं मागं आणायचं. समोर जपानी फौज टेकड्यांवर खंदक खणून बसलेली. तिची माघारीची वाट तीच असल्यामुळं ती ईर्षेनं लढत होती.

थोरातांच्या पलटणीच्या वाट्याला मेलरोज नाव दिलेली टेकडी आली. रस्त्यावर नजर ठेवणारी ही जागा हातात आल्याशिवाय जपान्यांची वाट बंद होणार नव्हती. जानेवारीच्या शेवटी पलटणीनं चढाई केली. वरून मशीनगनचा मारा, खाली आडोसा कमी. शेवटी संगिनी लावून खंदकापर्यंत जाऊन भिडावं लागलं आणि टेकडी पडली. त्यानंतर जपान्यांचे उलटे हल्ले सुरू झाले. टेकडी घेण्यापेक्षा ती राखणं जास्त जिकिरीचं असतं. जवानांनी ती राखली. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जपानी फौज तिथून हटली.

या लढाईबद्दल थिमय्या, सेन आणि थोरात या तिघांनाही डीएसओ मिळाली. डीएसओ म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, मराठीत विशिष्ट सेवेचा सन्मान. १८८६ साली व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो सुरू झाला. नावात सेवा हा शब्द असला तरी तो बहुतेक वेळा लढाईत आपली तुकडी उत्तम हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला मिळायचा. एकट्यानं केलेल्या पराक्रमापेक्षा नेतृत्वाला त्यात किंमत होती. एकाच ब्रिगेडमधल्या तीन हिंदी पलटणप्रमुखांना एकाच लढाईसाठी तो मिळाला, तेव्हा हिंदी माणूस पलटण चालवू शकतो का हा प्रश्न उरलाच नाही. अडीच वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि गोरे अधिकारी निघून गेले, तेव्हा फौज कोसळली नाही. त्यामागं या पिढीनं आधीच घालून ठेवलेला पाया होता.

या तीन नावांची आठवण ठेवायला हवी. कारण पुढं सतरा वर्षांनी हिमालयात जे घडलं, त्यात ही तिन्ही नावं पुन्हा एकमेकांजवळ येतात.

कोरियात गोळी न चालवण्याची परीक्षा

स्वातंत्र्यानंतर थोरात भराभर वर चढले. लष्करी मुख्यालयात चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले. लढाईचे बेत, प्रशिक्षण, फौज कुठं ठेवायची, ही सगळी कामं या जागेवरून चालतात. तिथून १९५३ साली त्यांना एका वेगळ्याच कामावर पाठवलं गेलं.

कोरियात तीन वर्षं युद्ध चाललं होतं. २७ जुलै १९५३ ला ते थांबलं. पण युद्धकैद्यांचा घोळ सुटत नव्हता. उत्तर कोरिया आणि चीनचे २२ हजारांवर कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांना जबरदस्तीनं पाठवावं का, या एका प्रश्नावर तहाची बोलणी कित्येक महिने अडून राहिली होती. शेवटी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमायचं ठरलं. अध्यक्षपद भारताकडं आलं आणि त्यावर थिमय्या बसले. कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळायची जबाबदारी एकट्या भारतीय फौजेवर आली. सुमारे सहा हजारांच्या या फौजेला कस्टोडियन फोर्स इंडिया असं नाव होतं आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात.

अडचणी पहिल्या दिवसापासून सुरू झाल्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकाला आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. मग जहाजांतून आलेली फौज हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन्ही देशांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. तिथं आपल्या जवानांनी छावणी उभारली आणि तिला नाव दिलं हिंद नगर.

काम होतं ते असं. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाचे प्रतिनिधी येऊन समजावणार, आणि मग कैद्यानं परत जायचं की नाही ते मनानं ठरवायचं. ऐकायला सोपं. पण कैद्यांच्या छावण्यांत आतल्या आत टोळ्या होत्या, पुढारी होते. कुणी परत जातो म्हणाला तर रात्रीत त्याचा मुडदा पडायचा. कैदी भारतीय जवानांवर दगड मारायचे, शिव्या घालायचे. दोन्ही बाजूंचे देश भारतावर पक्षपाताचा आरोप करायचे. आपल्या जवानानं बंदूक हातात असून गप्प उभं राहायचं. गोळी चालली तर शांतता मोडली म्हणून बोंब, आणि नाही चालली तर कैदी डोक्यावर बसणार.

२५ सप्टेंबर १९५३ ला कसोटीचा प्रसंग आला. मेजर ग्रेवाल नावाच्या भारतीय अधिकाऱ्याला चिनी कैद्यांनी आपल्या आवारात धरून ठेवलं. टोळीतून निसटून परत चीनला जातो म्हणणारा एक कैदी त्यांना परत ताब्यात हवा होता. त्याच्या बदल्यात मेजर, असा सौदा त्यांनी मांडला. कैदी ताब्यात दिला असता तर त्याचा जीव गेला असता. बळानं आत शिरलं असतं तर मेजरचा जीव गेला असता, शिवाय कित्येक कैदी मेले असते आणि सगळा तह धोक्यात आला असता.

थोरात स्वतः हत्यार न घेता मोजक्या माणसांसह आत गेले. तारेबाहेर जवान तयारीत होते, पण आत भोवती शेकडो चिडलेले कैदी. थोरात शांतपणे त्यांच्यात बसले, बोलत राहिले. वेळ जात राहिला तसा कैद्यांचा पारा उतरला. शेवटी ग्रेवाल यांना घेऊन थोरात बाहेर आले. गोळी सुटली नाही, सौदाही झाला नाही.

सगळंच असं सुरळीत गेलं असं म्हणता येणार नाही. पुढच्या काही दिवसांत दंगल आवरताना जवानांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले. त्यावरून जगभर टीका झाली. समजावण्याचं कामही अर्धवटच राहिलं, कारण कैद्यांच्या टोळ्या आणि दोन्हीकडची सरकारं त्यात खोडे घालत होती. पण जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली तेव्हा कैदी सोडून देऊन भारतीय फौज मान ताठ ठेवून परतली. कुठल्याच देशात जायची इच्छा नसलेले ऐंशीवर कैदी तर आपल्याच फौजेबरोबर भारतात आले.

या कामाबद्दल थोरातांना अशोकचक्र वर्ग दोन देण्यात आलं. १९६७ पासून याच पदकाला कीर्तिचक्र म्हणतात. समोर शत्रू नसताना दाखवलेल्या धैर्याचं ते पदक. पद्मश्रीही मिळाली. कांगॉच्या टेकडीवर संगिनी चालवणाऱ्या माणसाला पुढचं पदक संगीन म्यानात ठेवल्याबद्दल मिळालं. फौजेच्या इतिहासात असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

हिमालयाची वाट आणि आठ ऑक्टोबरचा कागद

१९५७ मध्ये थोरात पूर्व कमांडचे प्रमुख झाले. मुख्यालय लखनौला. सिक्कीम, आसाम, नागा टेकड्या, पूर्व पाकिस्तानची सरहद्द आणि त्या वेळी नेफा म्हणून ओळखला जाणारा आजचा अरुणाचल प्रदेश, एवढा मुलूख त्यांच्याकडं. तोपर्यंत चीनच्या सरहद्दीवर फौज नव्हतीच म्हटलं तरी चालेल. आसाम रायफल्सची लहान ठाणी होती. चीनशी भाईचारा आहे, तिकडून धोका नाही, फौज पाकिस्तानकडं तोंड करून ठेवायची, असं दिल्लीत ठरलेलं होतं.

१९५९ मध्ये वारं फिरलं. मार्चमध्ये दलाई लामा तिबेटातून निघून तवांगच्या वाटेनं भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंगजू इथं चिनी फौजेनं आपल्या ठाण्यावर हल्ला केला. मग घाईघाईनं नेफाची सरहद्द फौजेच्या ताब्यात दिली गेली. म्हणजे थोरातांच्या ताब्यात.

थोरातांनी मुलूख, रस्ते आणि हाताशी असलेली माणसं यांचा हिशोब मांडला. ८ ऑक्टोबर १९५९ ला त्यांनी आपला लेखी अंदाज सरसेनापतींकडं पाठवला. सरसेनापती होते थिमय्या, कांगॉचे जुने सोबती. त्या कागदाचं सार असं की चीन मोठा हल्ला करू शकतो, आणि सध्याची फौज, रस्ते आणि सामान बघता आपण तो अगदी सरहद्दीवर थोपवू शकणार नाही.

मग करायचं काय? थोरातांचा उपाय शेतकऱ्यालाही लगेच पटेल असा होता. चीनच्या बाजूला तिबेटचं पठार, तिथं सरहद्दीपर्यंत रस्ते आणि मोटारी. आपल्या बाजूला उभे डोंगर, दाट जंगल आणि पायवाटा. आपला रस्ता पायथ्यालाच संपायचा. पुढं खेचर, हमाल नाहीतर विमानातून टाकलेल्या गोण्या. जिथं पाणी पोचत नाही त्या तुकड्यात ऊस लावून काय होणार? तसंच हे. म्हणून सरहद्दीवर फक्त पाळतीची ठाणी ठेवा आणि खरी लढाईची रेघ मागं, जिथं आपला रस्ता आणि रसद पोचते तिथं आखा. बोमदिला, झिरो, दापोरिजो, अलाँग, रोइंग, तेजू अशी ती रेघ होती. शत्रूला डोंगर उतरून खाली येऊ द्या. त्याची रसद लांबेल, तो दमेल, आणि मग आपल्या सोयीच्या जागी त्याला गाठा.

त्यासाठी किती फौज लागेल, किती रस्ते बांधावे लागतील, तेही त्यांनी मांडलं. थिमय्यांना ते पटलं. त्यांनी तो कागद संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढं ठेवला. मेननना तो उगाच भीती घालणारा वाटला. चीन हल्ला करणार नाही यावर ते ठाम होते.

थोरात तेवढ्यावर थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला लाल किल्ला नावाचा लष्करी सराव घेतला. नकाशावरचा हा सराव. चीननं हल्ला केला तर कोणतं ठाणं किती दिवसांत पडेल, रसद कुठं तुटेल, फौज कुठं कमी पडेल, हे सगळं पायरीपायरीनं दाखवलं. दिल्लीहून सरसेनापती आणि मोठमोठे अधिकारी आले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत हे सगळं मांडलं गेलं. निष्कर्ष स्पष्ट होता. आहे या परिस्थितीत नेफा राखता येणार नाही.

त्यानंतर काय झालं? पालथ्या घड्यावर पाणी. कागद फायलीत गेला.

योगायोग असा की, त्याच वर्षी २६ जानेवारीला स्वतंत्र भारतानं आपलं विशिष्ट सेवा पदक सुरू केलं होतं. तेव्हा त्याचे पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते. परम, अति ही नावं १९६७ साली आली. असाधारण सेवेची कदर करायची म्हणून देशानं पदक काढलं, आणि दोनच महिन्यांनी लखनौच्या नकाशावर एका अधिकाऱ्यानं केलेली असाधारण सेवा कुणी मनावर घेतली नाही.

खुर्ची गेली, युद्ध आलं

१९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरातांना नेमावं अशी त्यांची शिफारस होती. सरकारनं ती मानली नाही. सेवाज्येष्ठ असलेले पी. एन. थापर सरसेनापती झाले. त्या काळात मेनन आणि थिमय्या यांच्यात बेबनाव होता. १९५९ मध्ये थिमय्यांनी राजीनामाही देऊन मागं घेतला होता. थोरात थिमय्यांच्या जवळचे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले. मराठी माणूस सरसेनापती होता होता राहिला, ही हळहळ इकडं बरीच वर्षं बोलली गेली. खरं नुकसान मात्र त्याहून मोठं होतं. चीनचा धोका ओळखलेली दोन्ही माणसं एकाच वेळी बाहेर पडली.

पूर्व कमांडवर थोरातांच्या जागी आले एल. पी. सेन. कांगॉचे तिसरे शिलेदार.

नोव्हेंबर १९६१ मध्ये दिल्लीनं थोरातांच्या सल्ल्याच्या नेमकं उलट धोरण घेतलं. फौजेनं पुढं सरकायचं आणि सरहद्दीवर ठाणी उभारायची. रस्ते नाहीत, तोफा नाहीत, थंडीचे कपडे नाहीत. नामका चू नदीकाठी सातव्या ब्रिगेडचे जवान सुती कपड्यांत आणि मोजक्या काडतुसांवर बसवले गेले. २० ऑक्टोबर १९६२ ला पहाटे चीननं हल्ला केला. ब्रिगेड मोडली, तिचे प्रमुख जॉन दळवी कैद झाले. काही दिवसांत तवांग गेलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमदिलाही गेलं. २१ नोव्हेंबरला चीननं आपणहून युद्ध थांबवलं.

बोमदिला हे थोरातांच्या रेघेवरचं ठाणं. तिथं आधीपासून फौज, तोफा आणि साठा तयार ठेवायचा, हे तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेलं होतं. प्रत्यक्षात तिथं पोचली ती पुढून हटलेली, विस्कटलेली फौज. सरकारी आकड्यांनुसार त्या युद्धात १३०० हून अधिक भारतीय सैनिक मेले, १६०० हून अधिक बेपत्ता झाले आणि जवळपास ४००० कैद झाले. जवान शूर नव्हते असं नाही. कित्येक ठाणी शेवटच्या गोळीपर्यंत लढली. पण शौर्याला रस्ता, रसद आणि डोकं यांची जोड लागते, आणि ती वरून मिळायला हवी होती.

मग दिल्लीला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला. मेनन यांना जावं लागलं. कराडकडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. थिमय्या आणि थोरात यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर सल्ल्यासाठी बोलावलं गेलं. थोरातांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की पंतप्रधान नेहरूंच्या नजरेस तो १९५९ चा कागद युद्धानंतरच आला आणि आधी का दाखवला नाही असं त्यांनी विचारलं. कागद वर का गेला नाही, हे ज्यांनी अडवला त्यांनाच विचारावं लागेल, असा थोरातांचा जबाब होता.

निवृत्तीनंतर

थोरात महाराष्ट्रात परतले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केलं. फौजेत माणसं पारखायची सवय, ती नव्या राज्याचे अधिकारी निवडताना कामाला आली. १९८६ साली त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं, फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट. छावणीत पहाटे उठवणाऱ्या बिगुलापासून दिवस मावळताना वाजणाऱ्या बिगुलापर्यंत, असा त्या नावाचा अर्थ. लाल किल्ला सरावाची आणि त्या कागदाची हकीकत त्यांनी त्यात मांडली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. वय ८५ पूर्ण.

थोरातांच्या नावापुढं लष्करी दफ्तरात कीर्तिचक्र आणि डीएसओ ही अक्षरं कायम आहेत. त्यांनी मेलरोजची टेकडी घेतली, ते पदकाच्या रूपानं नोंदलं गेलं. कोरियात हत्यार न घेता आत जाऊन माणूस सोडवला, तेही नोंदलं गेलं. न घडलेल्या पराभवाबद्दल कुणाला पदक देता येत नाही. इशारा ऐकला असता तर १९६२ कदाचित वेगळं झालं असतं, आणि मग थोरातांनी काय केलं ते कुणाला कळलंही नसतं. विशिष्ट सेवेची हीच गंमत आहे. ती जितकी चांगली, तितकी ती दिसत नाही.

आज जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली पोरं पहाटे उठून भरतीसाठी पळतात. त्यांच्यातल्या कुणाच्या छातीवर उद्या शौर्यपदक लागेल, कुणाच्या छातीवर विशिष्ट सेवेचं. बहुतेकांना दोन्ही मिळणार नाही आणि तरी ते इमानानं चाकरी करतील. त्यांच्यातला जो कुणी अधिकारी होईल, त्यानं थोरातांकडून एक गोष्ट घ्यावी. वरच्याला आवडणार नाही हे माहीत असूनही त्यांनी खरा हिशोब कागदावर मांडला, सही केली, तारीख घातली आणि पाठवला. आणि जे वरच्या खुर्चीवर बसतील, मग ती दिल्लीची असो की तालुक्याची, त्यांनी असा कागद टेबलावर आला तर तो एकदा नीट वाचावा.